जोडूनराव

लग्नाला येऊन, अक्षता टाकून, जेवायच्या आधी सटकणाऱ्या पाहुण्याकडे यजमान ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं जोडूनराव नुसता गड करून घरी परतणाऱ्या माणसाकडे बघतात. "पांडवगड केलात? छान. आणि वाई?" समोरचा म्हणतो, "वाईत मिसळ खाल्ली ना काका, स्टँडसमोर." त्यावर जोडूनराव काही बोलत नाहीत. चष्मा काढतात, पुसतात आणि परत घालतात. तेवढ्यानं तो बिचारा देवळात चपला घालून शिरल्यासारखा ओशाळतो.

त्यांचं खरं नाव वेगळं आहे आणि ते पेन्शनच्या कागदांवर सुखरूप आहे. पाटबंधारे खात्यात हिशेब तपासण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर डोंगर लागला, आणि तेव्हापासून 'जोडून' म्हटल्याशिवाय त्यांचं एकही वाक्य पुरं झालेलं कुणी ऐकलेलं नाही. रोहिडा करू, जोडून भोर. आगाशिवची लेणी बघू, जोडून कऱ्हाड. एकदा आम्ही सगळे कुणाच्या तरी सासऱ्यांना बघायला दवाखान्यात गेलो होतो. खाली उतरताना जिन्यातच म्हणाले, "एवढं आलोच आहोत, तर जोडून पाताळेश्वर करून टाकू." त्या दिवशी हे नाव पडलं. तोंडावर अर्थात सगळे काकाच म्हणतात.

डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक टोळक्यात असा एक गृहस्थ असतो. कुणाला जोडून देऊळ लागतं, कुणाला जोडून हुरडा, कुणाला मेहुण्याचं फार्महाऊस. आमच्या काकांना नदीकाठचं गाव लागतं. तेही लहान. पालिका असावी, पण सिग्नल नसावा. घाट असावा, घाटावर देऊळ असावं, देवळाच्या मागच्या गल्लीत एक खाणावळ असावी आणि खाणावळवाल्याला 'मेन्यू' विचारलेला आवडत नसावा.

त्यांच्याजवळ उभ्या लाल रेघांची एक लांबट वही आहे. डाव्या रकान्यात गड, उजव्यात गाव. ती वही उघडली की आपण वधूवर सूचक मंडळात येऊन बसलोय असं वाटायला लागतं. शिवनेरी आणि कुकडीकाठचं जुन्नर, शेरा : 'लहानपणीच ठरलेले'. रोहिडा आणि नीरेकाठचं भोर, शेरा : 'अनुरूप'. सिंहगडापुढे पुणे, शेरा : 'घरजावई'. हरिश्चंद्रगडापुढची जागा मात्र अजून कोरी आहे. मी प्रवरेकाठचं अकोले सुचवून पाहिलं. काकांनी मान हलवली. "स्थळ उत्तम आहे हो, पण लांबचं. उतरून पोचेपर्यंत घाटावर अंधार." एवढा थोर गड, घराणं जुनं, कोकणकड्यासारखी इस्टेट, आणि तरी बिनलग्नाचा राहिलाय, ह्याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं.

वाईची अडचण उलटी. पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड, चौघांच्या पुढे एकच नाव. आमच्यातल्या एका आगाऊ पोरीनं विचारलं, "काका, एकीला चार कसे चालतात?" "नावात पांडव असून चारावरच भागलंय, हे नशीब समज," असं काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खंबाटकी घाट पुरा चढेपर्यंत हसत राहिले. एसटीत बाकी कुणी हसत नव्हतं, कारण पहाटेची पहिली गाडी होती आणि माणसं झोपली होती.

त्यांचा मोसम होळीच्या जरा आधी सुरू होतो आणि चैत्राबरोबर संपतो. जगातले बाकीचे लोक पहिला पाऊस पडला की बुटांची धूळ झटकतात. काका तेव्हा बूट तेल लावून माळ्यावर ठेवतात. "पावसाळ्यात गड नसतो, ढग असतो. घाट नसतो, पूर असतो. मग तुम्ही बघून काय आलात?" फाल्गुनात मात्र पान गळतं आणि तट दिसतो, पाणी उतरतं आणि घाट दिसतो. हा त्यांचा सिद्धांत. तो ऐकायला इतका बिनतोड वाटतो की त्यात ऊन कुठे बसवलंय हे विचारायचं राहून जातं. मार्चातलं नऊचं ऊन पाठीवर आलं की आठवतं. शिवाय त्या दिवसांत दूरवर धुरकट असतं, त्यामुळे 'समोर रायरेश्वर' म्हणून ते बोट दाखवतात तिथे आपण श्रद्धेनं बघायचं. आणि कुसळं! वाळलेल्या गवतातून एकदा चाललं की मोज्यांचा साळिंदर होतो. काका ह्यावर उपाय म्हणून पायाला पट्ट्या गुंडाळतात आणि लांबून एखाद्या जुन्या हवालदारासारखे दिसतात.

पण तेवढं सोडलं तर ह्या माणसाबरोबर वसंतात चालावं. पळस, पांगारा आणि काटेसावर हे तिन्ही लाल आम्हा शहरी मंडळींना एकच वाटत होते. काकांनी ते वेगळे करून दिले. पळसाचं फूल वाकड्या चोचीसारखं, सावरीचं जाड पाकळ्यांचं आणि पडलं की धप्पकन आवाज करणारं, पांगारा कावळ्यांचा आणि साळुंक्यांचा गुत्ता. कमळगडाच्या रानात अंजनीच्या फांद्यांना चिकटून फुललेला निळा-जांभळा रंग त्यांनी दाखवला, तेव्हा मोबाईलमध्ये तोंड घालून चाललेली पोरंसुद्धा थांबली. तांबटाचं टुक्-टुक् सुरू झालं की ते घड्याळ बघतात. पक्ष्याच्या आवाजावरून घड्याळ का बघतात ते माहीत नाही. बहुधा सवय.

घड्याळ मात्र महत्त्वाचं. दहाच्या आत गडाखाली, हा नियम. कारण बारानंतर गाव झोपतं आणि चारला उठतं; मधल्या वेळात आपलं जेवण आणि डुलकी बसली पाहिजे. काकांच्या पिशवीत तळाशी एक इस्त्रीचा पांढरा शर्ट, एक कंगवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोल्हापुरी चपला असतात. गड उतरला की पहिल्या वडाखाली किंवा पहिल्या नळावर ते हातपाय धुतात, पट्ट्या सोडतात, घामाचा शर्ट काढून पांढरा चढवतात, भांग पाडतात. "गडावर कसंही चालतं. गावात माणसासारखं जावं." मग आम्ही धुळीनं माखलेली दहा-बारा भुतं आणि पुढे हा एक पांढराशुभ्र गृहस्थ, अशी वरात गावात शिरते. लोकांना वाटतं, कुणीतरी साहेब रोजगार हमीची माणसं घेऊन आलेत.

पांडवगडावर त्यांना पाहावं. हा गड चार हजार फुटांच्या वरचा, शिलाहार भोज राजाच्या काळातला. माथ्यावर पांडजाईचं देऊळ आहे, टाकी आहेत. आम्ही टाकी बघतो, तट बघतो, सावली शोधतो. काका गडाकडे पाठ करून कड्याच्या जवळ उभे राहतात आणि खाली बघतात. एका बाजूला धोमचं पाणी, तिथून निघालेली कृष्णेची रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना हिरवं आणि मग कौलांचा, पत्र्यांचा, गच्च्यांचा तो वाई नावाचा पुंजका. मग सुरू होतं. "आता हे बघा. नदी महाबळेश्वराला निघाली. तिथं ती गोमुखातली धार. इथं खोरं रुंद झालं, माती आली, म्हणून वस्ती आली. वस्ती आली म्हणून पैसा आला. पैसा आला म्हणून राखणीला हे चार बसवले. आणि तुम्ही राखणदाराला भेटून मालकाला न भेटता जाता!" खात्यात असताना त्यांना कुणी असं बोलू दिलं नसावं. सगळं तुंबलेलं आता सुटतं.

त्यांचं मुख्य दुःख असं की गडकरी आणि घाटकरी ह्या दोन जमाती एकमेकींना ओळखत नाहीत. गडवाले वाईत वडापाव घेतात आणि निघतात. घाटवाले ढोल्या गणपतीला नारळ फोडतात आणि मान वर करून डोंगराकडे बघत नाहीत. तिसरी जमात तर दोघांकडे न बघता पसरणीचा घाट चढून स्ट्रॉबेरी खायला पाचगणीला जाते. तिच्याबद्दल काका बोलतच नाहीत. वाईच्या एका दुकानदाराला त्यांनी विचारलं होतं, "पांडवगडावर गेला आहात का कधी?" तो म्हणाला, "नाय बा. रोज दिसतो की." ह्या उत्तरानं काका आठवडाभर अस्वस्थ होते.

मेणवलीच्या बाजूनं उतरलं की थेट नाना फडणविसांच्या वाड्याशी येता येतं. वाडा, मागे कृष्णेचा घाट, घाटावर मेणेश्वर आणि विष्णूची देवळं आणि ती घंटा. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली, अंगावर बाळ घेतलेली मेरी असलेली घंटा, इथं कृष्णेच्या काठी टांगलेली. पोरं ताबडतोब 'स्वदेस'चं शूटिंग कुठे झालं ते विचारतात. काका कपाळाला आठ्या घालतात. मग नानांच्या दफ्तराबद्दल पाच मिनिटं बोलतात, ह्या माणसानं कागद न् कागद कसा जपला, एका हिशेबनिसाला दुसऱ्याबद्दल वाटतो तो सगळा आदर आवाजात आणून. आणि शेवटी हळूच, कुणी ऐकत नाही असं बघून, बोट दाखवतात : "शाहरूख त्या पायरीवर बसला होता."

वाईत शिरल्यावर ते घाट नावानं घेतात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सात आळ्या, सात घाट. माघापासून ह्या घाटांवर पाळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव होतो, मूर्ती येते, मांडव पडतो, पंगती उठतात. नदीचाच उत्सव. काकांचा फाल्गुन काही केवळ पळसामुळे ठरलेला नाही, प्रसादाच्या भातामुळेही ठरलेला आहे, अशी मला शंका आहे.

ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. काका आत जायच्या आधी आम्हाला मागच्या बाजूला नेतात. गाभाऱ्याची मागची भिंत नावेच्या नाळेसारखी टोकदार काढलेली आहे; पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही अंगांनी फाटून जावं म्हणून. हे समजावताना ते स्वतः भिंत होतात. दोन्ही हात मागे बांधून, छाती पुढे काढून रस्त्याच्या मधोमध उभे राहतात आणि म्हणतात, "आता तुम्ही पाणी. या अंगावर." आम्ही पाणी होऊन दोन्ही बाजूंनी जातो. मागून येणारी रिक्षाही दोन शिव्या देऊन बाजूनं जाते. "बघा! फाटलं की नाही?"

ह्याच गावात मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली. पहिला खंड १९७६ सालचा. "सगळ्या जगाचं ज्ञान इथं, कृष्णाकाठी, अनुक्रमानं लावत होते," असं काका सांगतात. एका पोरानं विचारलं, "इथंच का? पुण्यात का नाही?" काका म्हणाले, "पुण्यात लोक 'अ'वरच वाद घालत बसले असते."

सिद्धांताची फजिती एकदाच झाली, पण चांगली झाली. अजिंक्यतारा आणि जोडून माहुली, असा बेत होता. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, आणि घाटाजवळ शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. ती बघायला पोरं अधीर, कारण राजाच्या समाधीपेक्षा कुत्र्याची समाधी हा विषय त्यांना जवळचा. काका एसटीत सांगत होते, "ह्या दिवसांत खालच्या पायऱ्यांपर्यंत सगळा घाट उघडा. आवर्तन आता नसतं. खात्यात उगाच नाही काढली एवढी वर्षं." घाटावर पोचलो तर पाणी वरच्या पायऱ्यांवर. धुणं धुणाऱ्या बाई म्हणाल्या, "काल रातीपास्नं सोडलंय वरनं." आम्ही सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे," ते म्हणाले, "पावसाळ्यातला घाटही जोडून बघायला मिळाला."

रंगपंचमीची गोष्ट वेगळी. बावधनचं बगाड त्या दिवशी निघतं, सोनेश्वरला कृष्णेच्या काठावरून. दगडी चाकांचा तो अवाढव्य गाडा, पुढे बैलांची रांग, वर आडव्या लाकडाला बांधलेला नवसाचा बगाड्या, आणि रस्ता सोडून सरळ शेतांतून गावाकडे सरकणारा हजारोंचा समुदाय. काकांनी सकाळी वैराटगड आणि जोडून बगाड अशी मांडणी केली होती. गाडी अलीकडेच अडली. चालत पुढे गेलो तर गर्दीत शिरलो आणि बांधावर जागा मिळाली. बैल बदलत होते, माणसं ओरडत होती, चाक एखाद्या सरीत अडायचं आणि तेवढा वेळ सगळं शिवार थांबायचं. काका त्या बांधावर बसले ते उठलेच नाहीत. पांढरा शर्ट गुलालानं माखला. कुणीतरी त्यांच्या हातात कलिंगडाची फोड दिली, ती खाऊन सालही धरून ठेवलं. दहा वाजून गेले, बारा वाजून गेले. वैराटगड तिथंच पलीकडे उभा होता. कुणीही त्याचं नाव काढलं नाही. संध्याकाळी मी वहीत डोकावलो. उजव्या रकान्यात पान भरून मजकूर आणि डावीकडे फक्त : 'वैराटगड — बाकी'.

तेव्हापासून मला संशय होता, आणि तो काकूंनी खरा करून दाखवला.

काकू डोंगर चढत नाहीत. गुडघे आहेत आणि अक्कलही आहे, असं त्या म्हणतात. आम्ही पहाटेच्या काळोखात स्वारगेटला धक्के खातो तेव्हा त्या झोपलेल्या असतात. निवांत चहा पिऊन, केस विंचरून, मागच्या एसटीनं त्या सरळ गावात उतरतात. आम्ही उन्हानं भाजून, कुसळं उपटत घाटावर पोचतो, तर काकू सावलीतली सगळ्यात चांगली पायरी धरून बसलेल्या असतात. त्यांचं दर्शन झालेलं असतं, जेवण झालेलं असतं. कृष्णाकाठच्या वांग्यांची पिशवी बाजूला असते. आणि तासाभरात त्यांना गावाची जी माहिती मिळालेली असते ती काकांच्या वहीत सात जन्मात येणार नाही. धर्मपुरीतल्या कुणाची मुलगी आमच्याच पेठेत, आमच्याच गल्लीच्या मागच्या बोळात दिली आहे. कुठल्या खाणावळीत आज भाजी बिघडली आहे. कुठला पुजारी कुणाशी बोलत नाही आणि का.

"तो वर दिसतोय तोच ना तुमचा गड?" एकदा वाईच्या घाटावर काकूंनी विचारलं.

"हो," काका म्हणाले.

"इथून छान दिसतो की."

काका हात धुवायला नदीकडे गेले. मी काकूंना म्हटलं, "काकू, मग काका थेट तुमच्याबरोबरच का येत नाहीत? त्यांचा जीव तर घाटातच असतो."

काकूंनी एक वांगं पिशवीत नीट बसवलं. "अहो, त्यांना नुसतं बसायची लाज वाटते. सदतीस वर्षं नोकरी केली, कधी दुपारी बसले नाहीत. नदीवर रिकामं बसलेला माणूस दिसला की ह्यांना वाटायचं, हा कामचुकार. आता स्वतःला बसावंसं वाटतं, तर आधी चार तास दमून घेतात. म्हणजे बसलेलं अंगाला लागत नाही."

काका परत आले, पाय पाण्यात सोडून बसले आणि ताबडतोब सगळ्यात वरच्या पायरीपासून घाट मोजायला लागले. सव्विसावर डोळा लागला.

काकांच्या खिशातल्या वेळापत्रकाप्रमाणे पुण्याची गाडी साडेपाचला होती. हे वेळापत्रक त्यांनी स्वतः सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आहे. कधीच्या काळी, ते सांगत नाहीत. काकूंनी येताना कंडक्टरला विचारून ठेवलं होतं : ती गाडी बंद झाली, आता पाचचीच. तेव्हा पावणेपाचला काकांना हलवून उठवावं लागलं आणि तो पांढरा शर्ट, त्या कोल्हापुरी आणि आम्ही सगळे भरलेल्या बाजारातून स्टँडकडे पळालो. गाडी लागलेली होती आणि दाराशी झुंबड होती. काका रांग करा, रांग करा म्हणून लोकांना सांगत होते. काकू शांतपणे बाजूनं गेल्या, खिडकीतून आत एक रुमाल टाकला, शेजारच्या जागेवर पिशवी सरकवली, आणि मग चढल्या.

दोन जागा मिळाल्या. एकीवर काकू बसल्या, एकीवर वांगी. "मांडीवर घेतली तर दबतात," काकू म्हणाल्या. काका दांडा धरून उभे. सुरूर फाटा गेला, खंबाटकीचा बोगदा आला, दिवे लागले. काकांनी एका हातानं वही काढून वांग्यांच्या पिशवीवर उघडी धरली आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "पुढच्या रविवारी सदाशिवगड घेऊ. जोडून कऱ्हाड. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात हो तिथं, अगदी नाकासमोर."

"मी अकरापर्यंत येते," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पायरी धरून ठेवते."